दवाखान्यातले हक्क: बिलिंग काउंटरच्या पलीकडून

नोकरीची सगळी वर्षं मी बिलिंग काउंटरला काढली. आधी ठाण्यात, मग नवी मुंबईत. निवृत्त झाल्यापासून कोपरखैरण्यात आमच्या गल्लीत कोणी अ‍ॅडमिट झालं की फाइल माझ्याकडे येते. "ताई, जरा बघा ना, बिल बरोबर लावलंय का?" बहुतेक वेळा फाइल येते ती डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं तेव्हा. म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

काउंटरच्या आत बसून एक गोष्ट रोज दिसायची. आवाज चढवणाऱ्याचं काम होत नाही, त्याच्यासाठी सिक्युरिटीला हाक जाते. मात्र एक अर्ज पुढे सरकवून "याची पोच द्या" म्हणणाऱ्यासाठी आतून मॅनेजर उठून येतो. तोंडी बोलणं शिफ्ट बदलली की संपतं. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला मात्र कोणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. शिवाय डॉक्टर-नर्सवर हात टाकला किंवा तोडफोड केली, तर महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. चूक दवाखान्याची असली तरी मग प्रकरण तुमच्याच अंगावर येतं.

तेव्हा मागायचं ते लेखी, वेळेवर आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे.

आधी दवाखाना कोणाचा, ते बघा

दवाखाने ढोबळ मानाने तीन प्रकारचे: सरकारी किंवा पालिकेचे, धर्मादाय ट्रस्टचे आणि निव्वळ खासगी. बाहेरून धर्मादाय आणि खासगी यांत काही फरक दिसत नाही. काचेचं दार, एसी, रिसेप्शनला गणवेशातल्या मुली, सगळं सारखंच. ओळखायची खूण कागदावर असते. पावतीच्या किंवा लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरांत ट्रस्टचं नाव आणि 'ई'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला की समजायचं, धर्मादायची चौकशी करायला इथे जागा आहे. त्याचं पुढे सांगते.

दुसरं बघायचं ते हद्द. खारघर, कामोठे, कळंबोलीची मंडळी पत्ता सांगताना बिनधास्त नवी मुंबई म्हणतात. पण तिथली महापालिका पनवेलची, २०१६ साली झालेली, आणि जिल्हा रायगड. खारघरच्या नर्सिंग होमची तक्रार नवी मुंबई पालिकेच्या बेलापूरच्या मुख्यालयात टाकलीत, तर ती नुसती फिरत बसते. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका. कळवा, मुंब्रा, घोडबंदर रोड ठाणे महापालिकेकडे. कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी, उल्हासनगर यांच्या आपापल्या महापालिका. खासगी दवाखान्याची नोंदणी ज्या पालिकेने केली, तिच्याच आरोग्य विभागाला त्याला जाब विचारता येतो.

कायदा कोणता, हेही एकदा माहीत करून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे अर्धे मेसेज भलत्याच कायद्याचे असतात. केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० सालचा आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्यातलं कलम इथल्या मॅनेजरला वाचून दाखवलं तर तो मान डोलावेल आणि मनात हसेल. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चा. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं, ठरावीक पंधरा बाबींचं दरपत्रक लावणं आणि पालिकेने तक्रारींसाठी टोल फ्री क्रमांक असलेला कक्ष चालवणं, हे सगळं त्या नियमांतून आलं. सनदेचा मूळ मसुदा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा, २०१८ चा. त्यात सतरा हक्क होते.

म्हणून दवाखान्यात शिरल्यावर पहिलं काम भिंतीचं. नोंदणी प्रमाणपत्र, त्याची मुदत, सनद, दरपत्रक आणि तक्रारीचा नंबर. चारही गोष्टींचे मोबाइलवर फोटो काढा. दरपत्रकात प्रवेश शुल्क, खाटेचं दिवसाचं भाडं, आयसीयू, डॉक्टरची भेट, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन असे दर असतात. शेवटच्या बिलाशी ताडून पाहायला हाच फोटो लागतो. दरपत्रक कुंडीच्या मागे किंवा कपाटाच्या बाजूला सापडलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नसेलच, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तुम्हाला तिथेच मिळाला.

भरती होताना

अपघात, छातीत कळ, बाळंतपणात अडकलेली बाई, अशा वेळी आधी उपचार आणि मग पैसा. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी, आणि पोलीस केस आहे म्हणून थांबता येणार नाही. काउंटरवरची मुलगी "आधी डिपॉझिट" म्हणाली तर तिच्याशी हुज्जत घालू नका, तिच्या हातात काहीच नसतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला विचारा, "पेशंटला इमर्जन्सी नाही, असं तुम्ही लिहून देता का?" हे लिहून द्यायला कोणी तयार होत नाही आणि उपचार सुरू होतात. खाटच नसेल, तर निदान स्थिर करून, काय दिलं ते लिहून, रेफर चिठ्ठीसह पाठवायला सांगा. १०८ ची गाडी बोलवायची असेल तेव्हाही ती चिठ्ठी हातात असलेली बरी.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला मात्र घाई करू नका. अंदाजपत्रक छापील घ्या. 'पॅकेज' म्हटलं की त्यात काय येत नाही, ते विचारा. इम्प्लांट, रक्त, महागडी अँटिबायोटिक, दुसऱ्या तज्ज्ञाची भेट, पॅकेजच्या दिवसांपेक्षा जास्त मुक्काम, हे साधारणपणे बाहेर असतं. आणि एक गोष्ट, जी काउंटर आपणहून सांगत नाही: बऱ्याच ठिकाणी खोलीचा वर्ग वाढला की फक्त खोलीचं भाडं वाढत नाही. डॉक्टरची भेट, थिएटर, भूल, तपासण्या, सगळ्याचेच दर त्या वर्गाप्रमाणे चढतात. "ट्विन शेअरिंग नाहीये, तात्पुरतं सिंगलमध्ये जा," असं सांगितलं तर "दर ट्विनचेच लागतील" हे अ‍ॅडमिशनच्या कागदावर लिहून घ्या. विमा असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण पॉलिसीतल्या खोलीभाड्याच्या मर्यादेच्या प्रमाणात कंपनी बाकीच्या रकमाही कापू शकते.

योजना आणि धर्मादाय खाट: इथेच सर्वात जास्त पैसे वाचतात

आमच्या भागात माथाडी कामगार खूप. केशरी रेशन कार्ड घरोघरी आहे, पण ते ऑपरेशनला उपयोगी पडतं हे पेशंट घरी आल्यावर कळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही त्यात घेतलंय. अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. भरती होण्याआधी, आणि इमर्जन्सी असेल तर दाखल होताच, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जायचं. रोखीचा पेशंट म्हणून फाइल पुढे गेली की ती योजनेत वळवणं फार जिकिरीचं होतं. मंजुरी उपचाराआधी लागते, झालेल्या बिलाचे पैसे योजना परत देत नाही. दवाखाना योजनेत आहे का, तुमचा आजार यादीत आहे का, हे १५५३८८ वर विचारता येतं. योजनेतून मंजूर उपचाराला वर पैसे मागितले, तर तेही याच नंबरवर सांगायचं.

आता धर्मादाय. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक बिलातून दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते. म्हणजे ही कोणाची मेहरबानी नाही, पैसे बाजूला काढलेलेच असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. दुर्बल गटाला औषधं, इम्प्लांट वगैरेंचेही निम्म्याच्या आसपास पैसे भरावे लागतात. निर्धनाला तेही नाहीत.

करायचं काय? रिसेप्शनला विचारू नका. तिथून "आमच्याकडे तसं काही नाही" हे उत्तर पाठ केल्यासारखं येतं. समाजसेवकाची केबिन विचारा, 'एमएसडब्ल्यू' म्हटलं की लगेच कळतं. तिथे विहित अर्ज भरायचा. सोबत रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो, पण त्याला दिवस लागतात. घरात कोणाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, असं कळलं की पहिल्या दिवशी दाखल्याला अर्ज टाका. इमर्जन्सीत निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही, कागद नंतर पुरे करता येतात.

"धर्मादाय खाटा भरल्यात," असं सांगितलं तर ते लेखी मागा, तारीख आणि वेळेसह. लेखी मागितल्यावर एखादी खाट रिकामी झालेली मी कितीदा तरी पाहिलीय. तरीही नाहीच म्हणाले, तर धर्मादाय आयुक्तांच्या ठाणे कार्यालयात तक्रार करता येते. तिथे तुम्ही केलेल्या अर्जाची पोच जोडली नसेल, तर दवाखाना "हे आमच्याकडे आलेच नव्हते" म्हणून मोकळा होतो.

पेशंट आत असताना

संमतीपत्र ही नुसती सही नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे, आणि एका ऑपरेशनच्या संमतीवर दुसरं ऑपरेशन करता येत नाही, जीवावर बेतलं असेल तेवढा अपवाद सोडून. प्रत्यक्षात काय होतं? रात्री साडेअकराला नर्स चार-पाच छापील कागद घेऊन येते, "इथे, इथे आणि इथे." कोऱ्या जागांवर सही करू नका. ऑपरेशनचं नाव, कोण करणार त्या डॉक्टरचं नाव, भूल कोणती, धोके काय, हे भरलेलं असू दे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीतून समजावून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. "मराठीत समजावून सांगितले, अमुक डॉक्टरांनी" असं सहीच्या वर आपल्या हाताने लिहा. पाच मिनिटं जातील. जाऊ देत.

बाईमाणसाची तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील, तर तिथे दुसरी स्त्री हवी. नर्स नसेल तर घरातलं कोणी थांबेल, असं सरळ सांगा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्ट आणि फिल्म मागा. त्याने उपचार करणारा डॉक्टर रागावेल ही भीती बहुतेक वेळा आपल्याच मनातली असते.

औषधं दवाखान्याच्या मेडिकलमधूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही, तपासण्यांचंही तेच. पण बाहेरून आणताना नाव, मात्रा, बॅच तपासा आणि बिल ठेवा, नाहीतर उद्या काही झालं तर बोट तुमच्या औषधाकडे जाईल. छापील किमतीपेक्षा जास्त लावलं, तर अन्न व औषध प्रशासनाला १८०० २२२ ३६५ वर कळवा.

आता बिल. माझं जन्मभराचं काम ते, म्हणून थोडी लांबण लागेल.

चालू बिल रोज मागा. शेवटच्या दिवशी हातात पडणारं बिल म्हणजे मार्चअखेरचा हिशेब, कोणालाच धड आठवत नाही कुठला आकडा कुठून आला. रोजचं बिल मागितलं की आदल्या दिवशी काय काय झालं ते तुमच्या डोक्यात ताजं असतं. बिल तपशीलवार हवं. 'फार्मसी: ३८,०००' अशी एकच ओळ चालवून घेऊ नका.

परवा आमच्याकडे हर्नियाच्या ऑपरेशनचं एक बिल आलं. पेशंट संध्याकाळी पाचला घरी निघालेला, आणि बिलात त्याच दिवशी रात्री नऊचं इंजेक्शन, सोबत सिरिंज आणि सलाइनचा सेट. यात लबाडी असेलच असं नाही. होतं असं की वॉर्डातून सकाळी दिवसभराच्या औषधांची मागणी मेडिकलला जाते, आणि जाते त्याच क्षणी ती बिलाला लागते. वापरलं गेलं नाही ते नर्सने परत पाठवायचं आणि मेडिकलने 'रिटर्न' टाकायचा. डिस्चार्जच्या गडबडीत ही रिटर्नची नोंद राहते. डॉक्टरने औषध बदललं की आधीच्या औषधाच्या उरलेल्या गोळ्यांचंही तेच. म्हणून अंतिम बिल निघण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला विचारायचं, "सिस्टर, रिटर्न टाकला का?" हा प्रश्न विचारणारा नातेवाईक दिसला की काउंटरवरही लक्ष देऊन काम होतं, हे मी स्वानुभवाने सांगते.

तपासायच्या आणखी जागा: डॉक्टरच्या भेटी फाइलमधल्या नोंदींइतक्याच आहेत का. खाटेचा दिवस किती वाजता बदलतो (काही ठिकाणी दुपारी बारा) आणि एक तासासाठी आख्खा दिवस लागला का. ऑक्सिजन आणि मॉनिटर काढल्यानंतरही चालू आहेत का. ग्लोव्हज, मास्क यांच्या संख्या. आणि स्टेंट किंवा गुडघ्याचं इम्प्लांट असेल तर त्याचा स्टिकर. २०१७ पासून केंद्र सरकारने स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली आहे. स्टेंट बिलात वेगळा दाखवावा लागतो, कंपनीच्या आणि ब्रँडच्या नावासह. बॉक्सवरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला असतो, त्याचा फोटो घ्या.

डिस्चार्जचा दिवस

कॅशलेस विमा असेल तर दिवसभर "टीपीएकडून अप्रूव्हल यायचंय" हे ऐकावं लागतं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दाव्याचे कागद बघणारी संस्था. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी विनंती मिळाल्यापासून एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तीन तासांवर उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जादा आकारणी केली, तर ती कंपनीने सोसायची. पण घड्याळ सुरू होतं ते दवाखान्याने कागद पाठवल्यावर. खरी मेख इथेच असते. राउंड सकाळी होतो, डिस्चार्ज समरी टाइप व्हायला दुपार, आणि फाइल टीपीए डेस्कवरून जाते तीन वाजता. म्हणून विचारायचं ते "अप्रूव्हल आलं का" नव्हे, तर "कागद किती वाजता पाठवले, मेल दाखवा." डॉक्टर आदल्या संध्याकाळी "उद्या सोडू" म्हणाले, की समरी तेव्हाच तयार करायला सांगा. कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही, मात्र वर्षभराच्या आत जावं लागतं.

बिलाचे पैसे कमी पडले म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. मृतदेह तर नाहीच नाही, २०२१ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे. देणं बुडत नाही, दवाखाना ते कायद्याने वसूल करू शकतो, पण माणूस तारण ठेवता येत नाही. दारातच अडवलं तर ११२ ला फोन करा. बेकायदा अडकवून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. वादाची रक्कम भरायचीच असेल तर बिलावर लिहा, "आक्षेप राखून रक्कम भरली." नंतर "तुम्ही तेव्हा मुकाट्याने भरलंत" असं म्हणायला जागा राहत नाही.

आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' या कागदावर सही करताना कारण आपल्या शब्दांत लिहा: खर्च परवडत नाही, दुसरीकडे नेतोय, जे असेल ते. कोरी सही केली की पुढे जे काही होईल ते तुमच्या नावावर.

केसपेपर मागायचा अर्ज

डिस्चार्ज समरी म्हणजे सगळी फाइल नव्हे. नर्सिंग चार्ट, ऑपरेशन नोट, भुलीची नोंद, सही केलेली संमतीपत्रं, रोजच्या नोंदी, हे सगळं मागता येतं. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांत आहे की नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या. झेरॉक्सचे पैसे ते घेतील, द्या. अर्ज असा, एवढाच पुरे:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय: उपचारांच्या संपूर्ण नोंदींच्या प्रती मिळणेबाबत. माझे वडील (नाव), आयपी क्रमांक (बिलावर असतो तो), दिनांक अमुक ते अमुक आपल्या रुग्णालयात दाखल होते. त्यांच्या केसपेपरच्या सर्व पानांच्या, डॉक्टर व नर्सिंग नोंदी, औषध चार्ट, ऑपरेशन व भूल नोंदी, संमतीपत्रे आणि तपशीलवार बिल यांच्या साक्षांकित प्रती भारतीय वैद्यक परिषद विनियम २००२ मधील तरतुदीनुसार ७२ तासांत मिळाव्यात. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. माझे ओळखपत्र व रुग्णाशी नाते दर्शवणारा पुरावा सोबत जोडला आहे."

दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. वेळ विसरू नका, ७२ तास तिथून मोजायचे. पोच द्यायला टाळाटाळ केली, तर स्पीड पोस्ट आणि दवाखान्याच्या ईमेलवर तोच अर्ज. कारण सांगायची गरज नाही. "कशाला हवेत?" विचारलं, तर "घरी ठेवायला" हे पुरेसं उत्तर आहे. शंका आली असेल तर हा अर्ज तक्रारीच्या आधी द्या. तक्रार गेल्यावर फाइल मिळायला वेळ लागू लागतो, का ते तुम्हीच ओळखा.

तक्रार कुठे? तुम्हाला काय हवंय त्यावर आहे

सगळीकडे एकाच वेळी तक्रार टाकण्यात दम जातो. आधी ठरवा, हवंय काय.

बिल दुरुस्त व्हावं, कागद मिळावेत, दरपत्रक लागावं, असं हवं असेल तर आधी दवाखान्याचा तक्रार अधिकारी, मग पालिकेचा कक्ष. पालिकेला अर्ज 'वैद्यकीय आरोग्य अधिकारी' यांच्या नावे. दवाखान्याची नोंदणी पालिकेच्या हातात असल्याने तिच्या नोटिशीला वजन असतं. पण पालिका तुम्हाला नुकसानभरपाई देणार नाही.

डॉक्टरने वर्तनाचे नियम मोडले असं वाटत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ते परवाना निलंबित करू शकतात, पैसे मिळवून देत नाहीत. एक बारीक गोष्ट: लहान नर्सिंग होमात रात्रीचे आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर, पुष्कळदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात. त्यांच्या परिषदा वेगळ्या. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक कोणत्या परिषदेचा, ते आधी बघा.

पैसे हवे असतील तर ग्राहक आयोग. १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, दवाखान्याला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या, काही बिलं तिथेच सुटतात. मात्र उपचारात हलगर्जी झाली असा दावा असेल तर त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळवा, त्याशिवाय केस लंगडी राहते. आणि पेशंट दगावला म्हणजे हलगर्जी झालीच, असं कोर्ट मानत नाही. हे कटू आहे, पण आधीच माहीत असावं.

पोलीस ठाण्यात गेलात तर लगेच डॉक्टरवर गुन्हा दाखल होईल ही अपेक्षा ठेवू नका. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर आधी तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घेतलं जातं.

पालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यात

वाशीचं प्रथम संदर्भ रुग्णालय असो, ऐरोली-नेरूळची पालिकेची रुग्णालयं असोत की कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथे पैशाचा प्रश्न कमी आणि रांगेचा, वागणुकीचा, "मशीन बंद आहे"चा जास्त. हक्क तेच आहेत. केसपेपरची प्रत, संमती, गोपनीयता, काही कमी नाही. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती फेकू नका. तिच्या मागे तारीख आणि औषध कोणी आणायला सांगितलं ते लिहा, कारण "औषध उपलब्ध नव्हते" याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो. तक्रार वैद्यकीय अधीक्षकांकडे, पुढे पालिका आयुक्तांकडे, आणि 'आपले सरकार'च्या तक्रार पोर्टलवर. फाइल मिळत नसेल तर खासगीपेक्षा इथे एक वाट जास्त आहे, माहितीचा अधिकार.

सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. पण ज्या दवाखान्यात काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथला मोफतवाला पेशंटही ग्राहक धरला जातो. धर्मादाय खाटेवर झोपलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. काउंटरवर असताना मीही सांगत नव्हते, तिथे तसं सांगायची पद्धत नसते.